लांब ओळी डावीकडे

तिचे पणजोबा छापखान्यात शाई घोटत, म्हणून त्यांना सगळे 'शाईबुवा' म्हणत. शाईबुवांचे चिरंजीव खिळे जुळवायला शिकले. शिशाची उलटी अक्षरे वाचून वाचून त्यांच्या डोळ्यांना अशी सवय जडली, की घरी वर्तमानपत्रही ते उलटे धरूनच वाचीत. त्यांचे नाव पडले 'उलटवाचे'. उलटवाच्यांचे चिरंजीव म्हणजे तिचे वडील. उभ्या हयातीत त्यांच्या हातून काना इकडचा तिकडे झाला नाही, असा लौकिक. लोक त्यांना 'बिनचूक' म्हणत, आणि पुढे पुढे पत्रांच्या पाकिटांवरही तेच नाव येऊ लागले. या तिघांनंतर ती. तिला टोपणनाव देण्याची कोणाला सवड झाली नाही; चौतीस वर्षे सगळे तिला नुसते 'जुळारीणबाई' म्हणत आले.

या घराण्याविषयी आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे. चारही पिढ्यांच्या हातांतून इंग्रजी मजकुराची पोतीच्या पोती गेली. पण त्यातले एक वाक्यही कोणाला समजत नव्हते. अक्षर ओळखायचे ते तोंडवळ्यावरून, शब्द ओळखायचा तो लांबीवरून. अर्थाशी आपल्याला कर्तव्य नाही, असे उलटवाचे सांगत, आणि सांगताना त्यांची मान ताठ असे.

त्या सोमवारी जुळारीणबाईचे पाय सकाळी दहालाच भरून आले होते. वय सत्तावन्न, पोटऱ्यांवरच्या शिरा दोरखंडासारख्या वर आलेल्या. गावच्या शाळेला पंच्याहत्तर वर्षे झाली म्हणून स्मरणिका निघायची होती. शाळेची पहिली पुस्तके याच छापखान्यात खिळ्यांवर छापली गेली, तेव्हा हे पुस्तकही खिळ्यांवरच व्हावे, अशी शाळेची हौस. शुक्रवारी छपाई, शनिवारी समारंभ, आणि पुढच्या आठवड्यात सगळे खिळे वितळवायला भट्टीत. बाकीची कामे केव्हाच संगणकावर गेली होती. हे शेवटचे काम उरकले की ती घरी बसणार होती, आणि खरे सांगायचे तर बसण्याखेरीज तिला आता दुसरी कसलीही इच्छा उरली नव्हती.

माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी ती बसवीत होती. एका वकिलाचा लेख हाती आला. अर्धे पान झाले, आणि पुढच्या ओळी अशा होत्या: 'आम्हाला इंग्रजीचे क्लॉज आणि फ्रेज शिकवणाऱ्या मास्तरांना स्वतःच्या पुस्तकातच दोन्हींमधला फरक सापडला नव्हता. तेव्हापासून आम्ही त्यांना उलटे मास्तर म्हणत असू. शनिवारी ते व्यासपीठावर कोणत्या बाजूला तोंड करून बसतात, ते पाहण्यास आम्ही उत्सुक आहोत.'

तिचा हात खिळ्यांच्या खणावरच थांबला.

"काय बाई, खण रिकामा झाला का?" पलीकडून मशीनवाल्याने विचारले. वीस वर्षे तो तिच्या शेजारी यंत्र चालवीत होता. तिचा हात थांबलेला त्याने क्वचितच पाहिला असेल.

"खण भरलेला आहे. तुम्ही आपलं यंत्राकडे बघा."

"यंत्र माझ्याकडे बघत बसलंय. फर्मा द्याल तेव्हा चालेल ना ते!"

तिने ओळ पुरी केली. जुळाऱ्याने मजकुराला हात लावायचा नाही, हा घराण्याचा नेम. पण प्रत्येक खिळा उचलताना बोटांना तो ओळखीचा वाटत होता, कारण उलटे मास्तर उलटे कसे झाले, हे जगात दोघांनाच ठाऊक होते. एक ती, आणि दुसरे खुद्द मास्तर.

चव्वेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मास्तर तेव्हा सदतिशीचे, तडफदार. इंग्रजी व्याकरणाचे एक छोटे पुस्तक त्यांनी मोठ्या कष्टाने लिहिले होते. त्याच्या सतराव्या पानावर दोन रकाने होते. डावीकडे वीस क्लॉज, उजवीकडे वीस फ्रेज. मास्तरांनी मुद्रित, म्हणजे छपाईआधीची कच्ची प्रत, तपासले, सही केली, आणि छापा असे कळवून ते स्वतःपाशीच ठेवले. बिनचुकांनी फर्मा, म्हणजे खिळ्यांच्या पानांची चौकट, पाचरी ठोकून कसला, यंत्राकडे नेण्यासाठी उचलला, आणि एक पाचर ढिली राहिली होती म्हणून सतरावे पान भसकन खाली आले. ओळी मोडल्या नाहीत, एक खिळाही तुटला नाही. फक्त चाळीस ओळींचा ढीग झाला. यंत्र खोळंबले होते, तपासलेले मुद्रित मास्तरांच्या घरी होते. नवे मुद्रित काढून पाठवायचे म्हणजे फर्मा हातातून पडला, हे कबूल करायचे. बिनचुकांनी रकान्यांची नावे पाहिली. क्लॉज म्हणजे काहीतरी मोठे, फ्रेज म्हणजे काहीतरी छोटे, एवढे त्यांनी कोठेतरी ऐकले होते. लांब ओळी त्यांनी डावीकडे लावल्या, आखूड ओळी उजवीकडे. पान दिसायलाही फार देखणे झाले.

चाळीसांतल्या बावीस ओळी भलत्या रकान्यात गेल्या. पुस्तक शाळेत लागले आणि महिन्याभरात परत आले. मास्तरांच्या घरी खरे मुद्रित होते. ते नुसते टेबलावर टाकले असते तरी पुरे होते. पण त्यांनी ते कोणाला दाखवले नाही. "नजरचूक माझी," एवढेच म्हणाले. पुढे निवृत्त होईपर्यंत त्यांना खालच्या वर्गांना मुळाक्षरे शिकवावी लागली. बिनचूक मात्र बिनचूकच राहिले.

बारा वर्षांपूर्वी अंथरुणावर पडल्या पडल्या वडिलांनी हे सगळे तिला सांगितले होते. "मास्तरांचं देणं राहिलंय गं," म्हणाले होते. "मी एकदा त्यांच्या घरी गेलो, पाय धरले. काय देऊ म्हणून विचारलं, तर म्हणाले, 'काही नको. तुमच्या घरात एकाला तरी ते पान समजू द्या.' मला काही जमलं नाही. तू बघ."

तिनेही बघितले नव्हते. बारा वर्षे मास्तर समोरून येताना दिसले की ती रस्ता ओलांडून पलीकडे जात असे. ज्या घराण्याची मान चार पिढ्या ताठ, त्याच्या लेकीने असे भिंतीकडेने चालावे, याची तिला लाज वाटत होती. पण लाजेलाही ताकद लागते, आणि ती रोज संध्याकाळी खणांपाशीच संपून जात होती.

दुपारी ती मालकाच्या टेबलापुढे उभी राहिली. मालक म्हणजे जुन्या मालकांचा मुलगा; लहानपणी तिच्या पायांत खेळलेला.

"बत्तीस पानांचं पुस्तक, मजकूर तीस पानांचा. शेवटची दोन पानं कोरी राहतायत. ती मला हवीत."

"मावशी, कोरी पानं राहू द्या ना. लोक सह्या घेतील."

"सह्या पुठ्ठ्यावर घ्या म्हणावं. मास्तरांच्या पुस्तकाचं एक पान आपल्या छापखान्यानं बिघडवलंय. ते मी नीट करून छापणार आहे."

मालकाने चष्मा काढला. "आपल्या? तुमच्या वडिलांच्या काळात? बिनचुकांच्या?"

"त्यांच्याच. मुख्याध्यापिकाबाईंना मुद्रित दाखवून सही घेऊ. त्या नको म्हणाल्या तर खणातले खिळे खणात. पण विचारल्याशिवाय मी घरी बसणार नाही."

"तो वकिलाचा विनोदच काढायला सांगितला तर? एका फोनचं काम आहे."

"काढून टाकून गप्प बसणं आमच्या घरात एकदा झालंय," ती म्हणाली, आणि निघाली.

पाचला छापखाना सुटल्यावर ती मास्तरांच्या दारात गेली. दोन गल्ल्यांचे अंतर; बारा वर्षे लागली. दार मास्तरांच्या सुनेने उघडले.

"या ताई. कोण आलंय म्हणून सांगू?"

"बिनचुकांची मुलगी म्हणा."

आतून खोकल्याचा आवाज आला आणि मग, "आत पाठव, सूनबाई. आणि खुर्ची दे तिला. दिवसभर उभी असते ती."

एक्याऐंशी वर्षांचे मास्तर खिडकीशी बसले होते. नजर इतकी मंद, की समोरचे माणूस त्यांना सावलीएवढे दिसे. तिने आडपडदा न ठेवता सगळे सांगितले: वकिलाचा लेख, दोन कोरी पाने, आणि आता ते खरे मुद्रित मिळाले तर गुरुवारपर्यंत ती पान बसवून टाकील.

"मुद्रित आहे," मास्तर म्हणाले. "पण देणार नाही."

"मास्तर..."

"तुझ्या वडिलांनी न समजता लावलं. तूही न समजताच लावणार? मग फरक काय पडला पोरी? लांबीवरून लावण्याऐवजी माझ्या कागदावरून लावशील, एवढंच ना?"

"माझं वय सत्तावन्न आहे. डोकं चालत नाही आता. पाय चालत नाहीत."

"पायांचं काम नाही यात. जुनं पुस्तक आहे घरी?"

"आहे."

"उद्या घेऊन ये. आणि पेन्सिल."

घरी परतताना तिला स्वतःचाच राग आला. देणे फेडायला जावे तर घेणेकरी वर अभ्यास लावून देतो, हे तिने आजवर ऐकले नव्हते.

मंगळवारी मास्तरांनी सुरुवात केली. सूनबाई एकेक ओळ वाचून दाखवी, मास्तर तिचा अर्थ सांगत, आणि जुळारीणबाईने निवाडा करायचा.

"दोनच प्रश्न विचार. इथे कोणी आहे का? आणि तो काही करतो का? दोन्हीला हो असेल तर क्लॉज. नसेल तर फ्रेज. लांबीचं नावही काढायचं नाही."

सूनबाईने वाचले, "बिहाइंड द ओल्ड क्लॉक ऑन द वॉल ऑफ द स्टेशन."

"स्टेशनाच्या भिंतीवरच्या जुन्या घड्याळाच्या मागे," मास्तर म्हणाले. "काय?"

"क्लॉज."

"का?"

"एवढी मोठी ओळ आहे! घड्याळ आहे, भिंत आहे, स्टेशन आहे."

"सगळा बाजार आहे. पण तिथे झालं काय? मागे कोणी लपलं? काही पडलं?"

तिने विचार केला. "काहीच नाही झालं."

"मग?"

"मग एवढे खिळे फुकट घातले म्हणायचे!"

सूनबाई हसली. मास्तरही हसले, पण खोकल्याने हसू मोडले. "फुकट नाही. फ्रेज वाक्यात आपली जागा सांभाळते. पण तिच्यात कर्ता आणि क्रियापद ही जोडी नाही. पुढची वाच."

"इफ शी गोज."

"ती गेली, तर," मास्तरांनी सांगितले.

तीनच शब्द. वडिलांनी ते उजवीकडे लावले होते. तिने दोन्ही प्रश्न बोटांवर मोजले. "ती आहे. जाते आहे. क्लॉज," ती म्हणाली. "पण मास्तर, हे अर्धवटच आहे. ती गेली तर काय?"

मास्तर खुर्चीत पुढे सरकले. "बरोब्बर. या जातीच्या क्लॉजमध्ये सगळं असतं, माणूस असतो, काम असतं. पण एकटं सोडलं की ते लोंबकळत राहतं. मुख्य वाक्य येईपर्यंत त्याला बूड नाही."

मंगळवारी चौदा ओळी झाल्या, त्यांतल्या सहा चुकल्या. बुधवारी ती आली तेव्हा दिवसभरात पाच पाने बसवून आली होती, आणि खुर्चीवर बसताच तिचे डोळे मिटू लागले. सूनबाईने पाय ठेवायला स्टूल सरकवला. ओळींमागून ओळी आल्या. कर्ता कुठे, क्रियापद कुठे, हे विचारता विचारता तिला ते प्रश्न ओळीबाहेरही दिसू लागले. ती मध्येच म्हणाली, "मास्तर, एक माझी ओळ सांगते. चौतीस वर्षं, त्याच खणांपुढे, त्याच खिडकीशी, पाय सुजेपर्यंत. हे काय?"

"तू सांग."

"फ्रेज. लांबलचक. कोणी काही केलेलंच नाही त्यात."

"तुझ्या हातातून किती पुस्तकं गेली?"

"मोजली नाहीत."

"मग कर्ता आहे. तो लिहायचा राहिला, एवढंच," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी लगेच सूनबाईला पुढची ओळ वाचायला लावली, कारण गहिवर त्यांना चालत नसे.

शेवटच्या अठरांतल्या अठराही बरोबर आल्या. ती निघताना सूनबाई दारापर्यंत आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "ताई, शनिवारी मामंजी जाणार नाही म्हणतात. व्यासपीठावर बसून हसू करून घेण्यापेक्षा घरी बसतो, म्हणतात. तुम्ही सांगा ना."

"मी काय सांगणार?" ती म्हणाली.

गुरुवारी तिने सतरावे पान बसवले. डावीकडे वीस, उजवीकडे वीस. रकाने वेडेवाकडे दिसत होते. लांब ओळीशेजारी आखूड ओळ, आखूडशेजारी लांब. वडिलांना असले पान पाहवले नसते. मग तिने दुसरे पान हाती घेतले, खुलाशाचे, आणि तिथे तिचा हात आठवड्यात दुसऱ्यांदा थांबला.

मशीनवाला हात पुसत जवळ आला आणि तिच्या हातातल्या स्टिकमधल्या, म्हणजे खिळे जुळवायच्या पट्टीतल्या, ओळी उलट्याच वाचू लागला. वीस वर्षांत तोही तेवढे शिकला होता. "छापखान्यात चूक झाली, एवढं लिहिलंत की बाई. झालं काम. पुढे कशाला?"

"छापखान्यात कोणाकडून?"

"आता ते कशाला उकरताय? गेलेल्या माणसाचं एवढं चांगलं नाव. तुमच्या दारावर अजून तीच पाटी आहे. सगळं गाव तुम्हाला बिनचुकांची म्हणून मान देतं. शनिवारनंतर तुमच्याकडे दुसरं राहणार काय आहे?"

ते खरे होते. खिळे जाणार, काम जाणार. उरणार ते एवढे नाव. ती खुर्चीवर बसली, कामाच्या वेळात बसण्याची तिची पहिलीच वेळ. 'जेव्हा फर्मा पडला' हे वडिलांचे अर्धवट वाक्य चव्वेचाळीस वर्षे तसेच लोंबकळत होते. मास्तरांनी त्याला स्वतःच्या डोक्यावर तोलून धरले होते, आणि त्यांची मान आता थकली होती. 'छापखान्यात चूक झाली' या वाक्याला कर्ता होता म्हणायचा. पण माणूस नव्हता.

"अर्धं फेडलेलं देणं म्हणजे अर्धं बुडवलेलं देणं," ती म्हणाली आणि उठली. "सरका. उजेड अडतोय."

मुख्याध्यापिकाबाईंनी मुद्रित दोनदा वाचले आणि सही करून परत पाठवले. वकिलाचा विनोद होता तिथेच राहिला, अठराव्या पानावर.

शुक्रवारी साडेपाचला, शाईचा वास न गेलेली पहिली प्रत घेऊन ती मास्तरांकडे गेली. "वाचा," तिने सूनबाईला सांगितले. "विनोद आधी. मग शेवटचं पान."

सूनबाईने विनोद वाचला तेव्हा मास्तरांनी नुसती खिडकीकडे मान वळवली. मग तिने पाने उलटली आणि सावकाश वाचू लागली:

"'मास्तरांच्या व्याकरणाचे सतरावे पान शेजारी पुन्हा छापले आहे, जसे ते पहिल्यापासून असायला हवे होते. मास्तरांनी तपासून दिलेले मुद्रित अचूक होते. जेव्हा फर्मा पडला, तेव्हा तो माझ्या वडिलांच्या हातून पडला. ओळी त्यांनी लांबीवरून लावल्या, आणि नवे मुद्रित काढले नाही. मास्तरांना हे ठाऊक होते. माझ्या वडिलांच्या नावाला डाग लागू नये म्हणून त्यांनी चूक आपल्याकडे घेतली. या गावात बिनचूक म्हणावे असे कोणी असेल, तर ते मास्तर आहेत. हे पान त्यांनी शिकवल्यावर, समजून, मी बसवले. जुळारीण, बिनचुकांची मुलगी.'"

सूनबाईने पुस्तक मिटून मास्तरांच्या मांडीवर ठेवले.

"वडिलांचं लिहायला नको होतं," मास्तर म्हणाले.

"तुम्हाला विचारलं नव्हतं," ती म्हणाली.

मास्तरांनी हाताने चाचपडत टेबलाचा खण उघडला. आतून घड्यांवर फाटत आलेला एक पिवळा कागद निघाला. "धर. आता हा सांभाळायची मला गरज नाही."

तिने जुने मुद्रित आणि नवे पान शेजारी शेजारी ठेवले आणि बोट फिरवीत एकेक ओळ मेळवली. चाळीसच्या चाळीस. जुन्या कागदाच्या तळाशी मास्तरांच्या तेव्हाच्या ठसठशीत अक्षरांत लिहिले होते, 'तपासले. चूक नाही.'

"पेन्सिल दे," मास्तर म्हणाले. "आणि माझा हात पानाच्या तळाशी नेऊन ठेव."

तिने त्यांचा हात धरून नव्या पानाच्या तळाशी ठेवला. मास्तरांनी लिहिले. ओळ खाली घसरत गेली, अक्षर अक्षरावर चढले, पण वाचता येत होते: 'तपासले. चूक नाही.' खाली सही केली, आणि प्रत तिच्या हातात दिली.

"सूनबाई," मग ते म्हणाले, "माझा पांढरा सदरा काढून ठेव. उद्या घालायचाय."